तो गोंगाट नव्हे

अवकाशमालिकांतला वाद्यवृंद म्हणजे नुसता गोंगाट, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मुळीच पटले नाही. 2004 साली सुरू झालेली ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च घ्या. संगीतकार बेअर मॅक्रिअरी यांनी तिथे पितळी वाद्यांचा डामडौल टाळून जपानी तायको ढोल आणि आर्मेनियन दुदुक यांवर भर दिला. म्हणूनच पहिल्या पर्वाच्या अखेरीस ‘पासाकाग्लिया’ ही तंतुवाद्यांची रचना सुरू होते, तेव्हा अंगावर काटा येतो. खर्जातली तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरते, तिच्यावर व्हायोलिनांचे सूर हळूहळू चढत जातात. अंतराळयानांपेक्षा माणसांची घालमेल तिथे ऐकू येते. पत्रलेखकांनी ती रचना एकदा शांतपणे ऐकावी, ही विनंती.
— एक वाचक, सातारा