नाव जमिनीचे की द्राक्षाचे?

ईशान्य इटलीत, स्लोव्हेनियाच्या सरहद्दीला लागून, कोल्लिओ नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे. तेथील वाइनला १९६८ साली इटलीच्या कायद्यानुसार नियंत्रित उगमनामाचा दर्जा मिळाला. या मुलुखातील बागायतदार एका पांढऱ्या द्राक्षाची वाइन पिढ्यान्‌पिढ्या 'तोकाई फ्रिउलानो' या नावाने विकीत आले होते. ३१ मार्च २००७ रोजी त्या नावाची मुदत संपली. आता बाटलीवर केवळ 'फ्रिउलानो' छापले जाते. शेजारच्या व्हेनेतो प्रदेशात तेच द्राक्ष 'ताई' झाले आहे.

कारण हंगेरीतील तोकाय हे गाव. युरोपीय समुदाय आणि हंगेरी यांनी १९९३ मध्ये परस्परांच्या वाइननामांना संरक्षण देण्याचा करार केला, त्यात इटलीचे हे नाव बळी पडले. हंगेरीची प्रसिद्ध वाइन गोड, तर इटलीची कोरडी, द्राक्षेही निराळी. मग ग्राहकाची फसवणूक कशी होणार, असा बागायतदारांचा सवाल होता. युरोपीय न्यायालयाने १२ मे २००५ रोजी तो अमान्य केला. तोकाय हे स्थळ आहे, तोकाई हा केवळ द्राक्षाचा वाण. संरक्षण स्थळाला मिळते, वाणाला नाही. तेरा वर्षांची मुदत मिळालेली असल्याने नुकसानभरपाईवाचूनही ही बंदी वैध ठरली.

या निर्णयामागील तर्क उघड आहे. वाण कोठेही लावता येतो, जमीन मात्र हलविता येत नाही. म्हणूनच जमिनीशी जखडलेले नाव दुर्मिळ ठरते आणि त्या दुर्मिळतेचे मोल जमीनधारकाच्या पदरात पडते. परंतु नावाची पत श्रमाने वाढते, हेही तितकेच खरे. कराराचा लाभ साऱ्या समुदायात विभागला गेला. त्याची किंमत मात्र मूठभर बागायतदारांनी मोजली.

या निवाड्यातील तत्त्वाचा उपयोग इटलीने पुढे कसा केला, हे पाहण्याजोगे आहे. २००९ मध्ये 'प्रोसेक्को' द्राक्षाचे अधिकृत नाव 'ग्लेरा' करण्यात आले आणि त्रिएस्तेजवळच्या प्रोसेक्को या गावाच्या आधारे ते नाव व्हेनेतो व फ्रिउलीच्या नऊ प्रांतांपुरते राखून ठेवण्यात आले. वाणाचे नाव अशा रीतीने स्थळाचे झाले. ज्यांच्या नकाशावर सोयीचे गाव होते, त्यांना नाव लाभले. ज्यांच्यापाशी नुसती परंपरा होती, त्यांनी ते गमावले. बाजारात नावालाही सातबारा लागतो, आणि त्यावर कष्टाची नोंद होत नाही.