जीटीची काच आणि आगगाडीचा डबा

मित्रहो, आपल्या हॉस्टेलमध्ये बघा, प्रत्येक विंगमध्ये निदान एका कॉटखाली एक जाड काच सापडेलच. ती कुठल्या सीनियरने आणली, पैसे कुणी दिले, कुणालाच ठाऊक नसतं. सबमिशनच्या आदल्या रात्री ती बाहेर निघते, दोन खुर्च्यांवर आडवी होते, खाली टेबललॅम्प लागतो आणि मग खाली मित्राची शीट, वर आपली कोरी शीट! जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. ऑटोकॅड आलं, तरी फर्स्ट इयरच्या ग्राफिक्समुळे काच काही हॉस्टेल सोडून गेली नाही. मीही या काचेवर रात्री जागवल्यात. खोटं कशाला बोलू?

याच काचेने गेल्या पावसाळ्यात माझी चांगली जिरवली. त्याची ही हकीकत, आणि त्यातून झालेलं माझं एक मत. पटलं तर घ्या, नाही तर मेसमध्ये भेटा, भांडू.

झालं असं, की मे महिन्यात इंग्लंडहून मामा आला. चॉकलेटांबरोबर एक चपटा खोका माझ्या हातात ठेवून म्हणाला, "इंजिनिअर होतोयस ना? मग हे जोडून दाखव." आत होतं ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या जुन्या चारचाकी प्रवासी डब्याचं किट. प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेल्या डब्याच्या बाजू, तळ, छप्पर, पायऱ्या, बफर, पितळेची नखाएवढी बेअरिंग्ज आणि 14 मिमी व्यासाची चाकं. सगळा डबा मिळून चार इंचांपेक्षा थोडा लांब. मी मनात म्हटलं, हे काय, एका रविवारचं काम!

त्या कामाला अडीच महिने लागले.

तिकडे इंग्लंडात हा छंद जुना आहे. प्लॅस्टिकची, पितळी पत्र्याची अशी डब्यांची किटं मिळतात आणि लोक वर्षानुवर्षं ती जोडत, रंगवत बसतात. त्यातलं सगळ्यात प्रचलित माप म्हणजे '4 मिमीला 1 फूट', म्हणजे 1:76.2. आता यातली गंमत ऐका. खऱ्या रुळांतलं अंतर 4 फूट साडेआठ इंच, म्हणजे या मापाने रूळ 18.83 मिमी हवेत. प्रत्यक्षात ते असतात 16.5 मिमी! म्हणजे गाडी एका मापाची, रूळ दुसऱ्या मापाचे. कारण काय, तर ब्रिटिश इंजिनं अंगाने बारीक. 1:87 या मापात, ज्याला 16.5 मिमीचे रूळ बरोबर बसतात, त्या काळच्या मोटारी इंजिनात मावेनात. मग वरचा सांगाडा मोठा केला आणि रूळ तेच ठेवले. तो तोडगा आजही चालू आहे. काही हट्टी मंडळी 18.83 मिमीचे रूळ स्वतः टाकतात. बाकीचे म्हणतात, चालतंय! पुस्तकात आपण 'डिझाइन कॉम्प्रमाइज' पाठ करतो. मला तो पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला, आणि तोही खेळण्यात.

असो. जोडायला बसलो. सूचनांच्या कागदावर पहिलंच वाक्य होतं की सगळे भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवा, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. मी धुतले नाहीत. दुसरी सूचना, चिकटवण्याआधी कोरडे जुळवून बघा. मी बघितले नाहीत. आपल्याला मॅन्युअल वाचायची सवय कुठे आहे? सरळ ब्रशने सॉल्व्हंट लावत सुटलो. हे सॉल्व्हंट म्हणजे गोंद नव्हे बरं का. ते दोन्ही कडा विरघळवतं आणि मग त्या एकमेकींत मुरून एकच तुकडा होतात, एक प्रकारचं वेल्डिंगच. फटीच्या तोंडाशी ब्रश टेकवला की केशाकर्षणाने ते आपोआप आत धावतं. बघायला मजा येते, पण एकदा धरलं की धरलं. तिथे 'अनडू' नाही.

(जाता जाता : याची वाफ घातक आणि ज्वालाग्राही असते. खिडक्या उघड्या ठेवा आणि मच्छरची कॉइल खोलीबाहेर. माझ्या रूममेटने दोन रात्री टीव्ही रूममध्ये काढल्या, त्याची इथे जाहीर माफी मागतो.)

दुसऱ्या दिवशी डबा चाकांवर उभा केला. टेबल आपलं हॉस्टेलचं, त्यावर तो डुलला तर टेबलाचा दोष समजलो. मग कॉटखालून काच काढली आणि तिच्यावर ठेवला. तरी डुगडुगलाच. तीन चाकं काचेवर आणि चौथं अधांतरी. खालून टॉर्च मारला तर फट स्वच्छ दिसली, अर्धा मिलिमीटर असेल. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? हसू नका. त्या मापात ते खऱ्या डब्याचे जवळजवळ 38 मिलिमीटर झाले! असा डबा पहिल्याच सांध्यावर रूळ सोडणार.

त्या रात्री मी काचेकडे बराच वेळ बघत बसलो. याच काचेने फर्स्ट इयरला माझी प्रत्येक चुकीची रेघ झाकली होती. आता तीच काच सांगत होती, की बाबा रे, तुला चार टेकू एका पातळीत बसवता येत नाहीत.

मग आणखी एक गोष्ट आठवली. वर्कशॉपचा फिटिंगचा जॉब. माइल्ड स्टीलच्या दोन चौकोनी तुकड्यांपैकी एकाला खाच, दुसऱ्याला जीभ, आणि मध्ये उजेड दिसता कामा नये. तो जॉब मी केला नव्हता. गेल्या वर्षीचा कुणाचा तरी मिळाला, नंबर घासून माझा ठोकला. दहापैकी आठ मिळाले. आठ! त्या आठ मार्कांची किंमत मला या डब्याने सांगितली. बेअरिंगची जागा सारखी करायला कानस हातात घेतली तेव्हा कळलं, की कानस सपाट चालवणं ही एक विद्या आहे आणि ती मला येत नाही.

शेवटी वर्कशॉपच्या काकांकडे गेलो. त्यांनी डबा उलटा केला, चाक बोटाने फिरवलं आणि म्हणाले, "चार पाय कशाला जुळवत बसतोस? टपरीवरचं बाकडं चार पायांवर डुगडुगतं, तिपाई कधी डुगडुगते का?" बस्स! तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, हे आपण अकरावीपासून लिहितोय. एका बाजूचा ॲक्सल पक्का ठेवायचा. दुसऱ्याचे दोन्ही आधार कापून एका पत्र्यावर घ्यायचे आणि तो पत्रा मधोमध, डब्याच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या तारेवर डुलता ठेवायचा. झाले तीन टेकू. पाच दिवस लागले, पण डबा काचेवर चारही चाकांनी टेकला. मेस बुडवली त्या दिवशी, आणि भूकसुद्धा लागली नाही.

मग आलं फिनिशिंग. मित्रहो, खरा कस इथे लागतो. आपल्याकडे फिनिशिंग म्हणजे शेवटच्या रात्री मारलेला स्प्रे. मीही जुलैत, बाहेर धो धो पाऊस असताना, गॅलरीत प्रायमरचा डबा मारला. हवेतली दमट वाफ त्यात धरली गेली आणि सगळ्यावर पांढुरका धुरळा आला. ते घासून काढणं आलं. उघडीप मिळेपर्यंत आठ दिवस थांबणं आलं. मग नियम समजले : फिकट रंग आधी, गडद नंतर. एक जाड हात नको, पातळ तीन द्या. वर क्रीम आणि खाली चॉकलेटी ही या कंपनीची ओळख. ती दुरंगी पद्धत त्यांनी 1908 मध्ये सोडली आणि 1922 मध्ये परत आणली, त्यामुळे आपला डबा कुठल्या सालचा ते आधी ठरवावं लागतं. दोन रंगांच्या सीमेवर टेप लावायची, पण तिच्या कडेवरून आधी क्रीमचाच एक हात द्यायचा. म्हणजे टेपखाली जे काही झिरपायचं ते क्रीमच झिरपतं, चॉकलेटी रंगाला आत वाटच राहत नाही. किती साधी युक्ती! पण करणाऱ्यालाच सुचते.

रंगांच्या सीमेवर सोनेरी रेघ हवी होती. त्यासाठी रूलिंग पेन लागतं, दोन पात्यांच्या चिमट्यात रंग धरणारं. ते मिळालं कुठे, तर ड्रॉइंगच्या सरांच्या जुन्या इन्स्ट्रुमेंट बॉक्समध्ये. सर म्हणाले, आमच्या वेळी सगळ्या शीटा याने शाईत काढायचो, एक थेंब पडला की शीट गेली. माझी पहिली रेघ सापासारखी गेली. खालचा रंग ॲक्रिलिक, रेघेचा रंग इनॅमल, म्हणून टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली तरी खालचं शाबूत राहिलं. अकरा वेळा पुसली. बारावी ठेवली. खिडक्यांच्या काचा मात्र सुपरग्लूने लावल्या आणि त्याच्या वाफेने त्या धुरकटल्या. नवीन कापून फेव्हिकॉलने लावल्या. तो वाळल्यावर पारदर्शक होतो. एका दरवाजाशी माझ्या अंगठ्याचा ठसा अजून आहे. तो तसाच ठेवलाय, म्हटलं ही सही असू दे.

आता माझं मत सांगतो.

आपल्या कॉलेजातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात एक तरी अशी वस्तू असावी, जी दुसऱ्याची कॉपी करून करताच येत नाही. शहरात फायनल इयरचे प्रोजेक्ट तयार मिळतात. रिपोर्ट, पीपीटी, अगदी व्हायवाचे प्रश्नसुद्धा! सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे गप्प आहोत. त्यावर नियम कडक करून काही होणार नाही. त्यापेक्षा एकदा तरी मुलाच्या हातात असं काम द्या, जे बिघडलं तर त्याचं त्यालाच दिसेल.

काही जण म्हणतील, "अरे, पण किट म्हणजेसुद्धा रेडीमेडच की!" मलाही तसंच वाटायचं. किटमध्ये भाग मिळतात, पण ते एकमेकांत बसवणं मिळत नाही. आणि खरी आगगाडी तरी वेगळी कुठे असते? आपली डेक्कन क्वीन 1 जून 1930 ला सुरू झाली, तेव्हा तिच्या डब्यांच्या अंडरफ्रेम इंग्लंडमध्ये बनल्या होत्या आणि वरचे सांगाडे माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये चढले. सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक चंदेरी रंगाचा आणि लाल पट्ट्यांचा, दुसरा निळा आणि सोनेरी रेघांचा. तळ विलायतेहून आला म्हणून माटुंग्याच्या कारागिरांचं काम हलकं ठरलं का? उलट दुसऱ्याने बनवलेल्या तळावर आपलं अंग नेमकं बसवणं, हेच तर कौशल्य. नोकरीत गेल्यावरही बहुतेकांच्या वाट्याला कोरा कागद येणार नाही. दुसऱ्यांनी केलेले भागच जुळवायचे असतील.

"थ्रीडी प्रिंटर असताना हाताने कशाला?" हा दुसरा प्रश्न. प्रिंट करा ना! पण प्रिंटवर थरांच्या रेघा येतात. त्या पॉलिशपेपरने उतरवायच्या, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं. मशीन बदललं तरी फिनिशिंग माणसाच्याच गळ्यात.

पैशांचं म्हणाल, तर विलायती किट आपल्याला परवडत नाही, मान्य. मला मामा होता. पण आयव्हरी कार्ड आणि सनबोर्ड तर स्टेशनरीवाल्याकडे मिळतो. आपल्या ओळखीचा निळा आयसीएफ डबा घ्या. लांबी 21.337 मीटर, म्हणजे 1:87 ला 245 मिलिमीटर. ड्रॉइंग काढा, लेझरवर कापा, की झालं आपलं स्वतःचं किट. एकच अडचण, आपली ब्रॉडगेज 1676 मिमी, म्हणजे रूळ 19.3 मिमी हवेत आणि बाजारात मिळतात 16.5 चे. मग तडजोड करायची, की रूळ स्वतः टाकायचे? बघा, वाद सुरू झाला की नाही! हाच वाद सेमिनारपेक्षा जास्त शिकवेल.

म्हणून सरांना आणि रेक्टरसाहेबांना एक विनंती. शनिवारी संध्याकाळी दोन तास वर्कशॉपचं एक टेबल आम्हाला द्या. सहा जणांत एक डबा. मार्क नकोत, कारण मार्क आले की जीटी आलीच. फक्त शेवटी सगळे डबे एका काचेवर ठेवायचे आणि खालून टॉर्च मारायचा. आणि एखाद्या रविवारी पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून यायचं. छोट्या गाड्यांसाठी माणूस किती मोठं आयुष्य देऊ शकतो, ते तिथे कळतं.

परवा एक ज्युनिअर काच मागायला आला. उद्या सबमिशन म्हणाला. दिली, नाही कोणत्या तोंडाने म्हणू? पण जाताना सांगितलं, "परत आणशील तेव्हा जरा वेळ काढून ये. तुला या काचेचा दुसरा उपयोग दाखवतो."

अजून आलेला नाही. येईल. काच तर परत द्यावीच लागेल ना!

— एक तृतीय वर्षवाला, यंत्र विभाग