चाकाची किल्ली

जबलपूरचा राणीताल राणी दुर्गावतीचा, आधारताल तिचे मंत्री आधारसिंह यांचा आणि चेरीताल तिच्या दासीचा, असे येथील वडीलधारी मंडळी सांगतात. आज मात्र चेरीताल म्हटले की पाण्यापेक्षा दाट वस्तीच डोळ्यांपुढे येते. येथे बहुतेकांच्या घरी गाडी ठेवण्यास जागा नाही. कर्ज काढून, हौसेने घेतलेली मोटार रात्रभर रस्त्याच्या कडेला उभी असते. तिची अलॉय चाके काढून नेण्यास एक जॅक व एक साधा पाना पुरतो.

यावर उपाय म्हणजे लॉकिंग बोल्ट. प्रत्येक चाकाचा एक बोल्ट बदलून तेथे विशिष्ट नक्षीच्या डोक्याचा बोल्ट बसवायचा; तो त्याच नक्षीच्या किल्लीने फिरतो. निवड मात्र दुकानदाराच्या शब्दावर सोडू नये. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या गाड्यांना बोल्ट असतात, तर मारुती, ह्युंदाई यांच्या बहुतेक गाड्यांना नट. त्यांना लॉकिंग नटच हवेत. आट्यांचा व्यास व अंतर, बोल्टची लांबी आणि बैठकीचा आकार, शंकूसारखा की गोलाकार, हे सारे मूळ बोल्टशी जुळलेच पाहिजे. बैठक चुकली तर चाक ढिले पडते. मग चोराहून कुलूपच घातक ठरावे!

मी स्वतः हे बोल्ट बसविले आणि निर्धास्त झालो. पुढे नागपूरला जाताना सिवनीच्या पुढे, जंगलाच्या रस्त्यावर चाक पंक्चर झाले. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. किल्ली मात्र चेरीतालच्या घरी कपाटात सुरक्षित होती. तिन्हीसांजेची वेळ, गाडीत वृद्ध आई. त्या तीन तासांत मला कळले, की जे कुलूप मालकालाच अडविते, ते संरक्षण नव्हे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे : बोल्ट जरूर बसवावेत, पण किल्लीची व्यवस्था आधी ठरवावी. किल्ली गाडीतच असावी, मात्र समोरच्या कप्प्यात नव्हे. तिची जागा घरातील प्रत्येक चालकाला ठाऊक असावी. किल्लीचा सांकेतिक क्रमांक असलेले कार्ड मात्र घरी, विम्याच्या कागदांसोबत ठेवावे. किल्ली हरवल्यास दुसरी त्यावरूनच मागविता येते. हे बोल्ट हातानेच फिरवावेत. हवेच्या यंत्राने किल्लीची नक्षी झिजते, म्हणून कारागिराला आधीच सांगावे आणि काम होताच किल्ली परत मागून घ्यावी. शेवटी टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतील मापाने आवळावे व शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासावे. मूळ बोल्टही जपून ठेवावेत. स्टेपनीला ते लागू शकतात.

विमा आहेच, असे कोणी म्हणेल. परंतु केवळ तृतीय पक्षाच्या विम्यात आपली चाके येत नाहीत. सर्वसमावेशक विम्यातही दावा केला, की पाच वर्षे दावा न केल्याने जमलेली ५० टक्क्यांपर्यंतची सवलत सामान्यतः हातची जाते.

कसलेल्या चोराला हे कुलूप कायमचे रोखणार नाही. ते केवळ त्याचा वेळ खाते. रस्त्यावर उभ्या गाडीला तेवढेही पुष्कळ. बँकेच्या लॉकरची किल्ली आपण किती जपतो! चाकाच्या किल्लीलाही तोच मान द्यावा. आजच आपल्या गाडीत ती कोठे आहे, हे एकदा पाहून घ्यावे.