सहल, धक्का आणि रिकामे हात



गेल्या खेपेस या सदरात मृत्युपत्राविषयी लिहिले, तेव्हा काही वाचकांनी प्रेमाने तक्रार केली की, तुमचे लेख उपयोगी असतात, पण वाचून झाल्यावर घरात जरा शांतता पसरते. म्हणून या वेळी सहलीवर लिहावे असे ठरवले होते. सहल झाली, आनंदातही झाली. परंतु लेख मात्र पुन्हा सावधगिरीच्याच वाटेने निघाला. याचा दोष माझ्याकडे थोडा आणि कोयनेच्या भूमीकडे अधिक आहे.

डिसेंबरच्या सुट्टीत मी, सौभाग्यवती, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे असे सहा जण कोयनानगरला गेलो होतो. कराड माझे जन्मगाव. तेथील जुने घर मुलांना दाखवले, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर थोडा वेळ बसलो आणि पाटणमार्गे कोयनेच्या खोऱ्यात शिरलो. वाटेत नातवाला मी माझ्या आयुष्यातील पहिल्या ‘सहली’ची गोष्ट सांगितली.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती. मी नऊ वर्षांचा होतो. फडताळावरील पितळी डबे खाली आले आणि त्या आवाजाने मी जागा झालो. आजीने आम्हा भावंडांना ओढतच अंगणात आणले. कोयनानगरात त्या पहाटे बहुतेक घरे पडली, पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. आमच्या घराला केवळ भेगा पडल्या. पण आत निजण्याची कोणाची छाती होईना. वडिलांनी आडत दुकानातली बारदाने आणि ताडपत्र्या आणल्या आणि आमच्या पेठेतील पंधरा-वीस कुटुंबे कितीतरी रात्री मोकळ्या माळावर झोपली. तीन दगडांच्या चुली, शेकोटी, डोक्यावर चांदण्या! मोठी माणसे भीतीने जागत होती आणि आम्हा मुलांना मात्र एवढी मौज आयुष्यात कधी मिळाली नव्हती. उघडे आकाश आणि भोवती आपली माणसे यांत केवढे सुख असते, हे मला भूकंपाने शिकवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

धरण पाहताना नातवाने विचारले, “आजोबा, धरणामुळे भूकंप होतो का?” प्रश्न रास्त होता. कोयना धरणाची उंची १०३ मीटर. १९६२ च्या सुमारास शिवसागर जलाशय भरू लागला आणि तेव्हापासूनच या परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. पाच वर्षांनी तो मोठा धक्का बसला. जलाशयामुळे चालना मिळालेल्या जगातील सर्वांत मोठ्या भूकंपांत त्याची गणना होते. येथील खडकांत मुळातच ताण साठलेला होता; जलाशयाचे वजन आणि भेगांतून खोल झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे तो मोकळा होऊ लागला, असे शास्त्रज्ञ मानतात. बँकेच्या भाषेत मी नातवाला सांगितले, “कर्ज जुनेच होते रे बाबा, पाण्याने फक्त मागणीची नोटीस बजावली.” भूकंपानंतर धरण मजबूत करण्यात आले. परंतु भूमीने हिशेब मिटवलेला नाही. छोटे धक्के आजही येत असतात.

त्याचा प्रत्यय त्याच रात्री आला. सूर्यास्तापूर्वी जेवण झालेले, दिवसभर पायपीट झालेली. त्यामुळे सगळे लवकर झोपलो होतो. आमचा मुक्काम विश्रामगृहाच्या वरच्या मजल्यावर होता. मध्यरात्रीनंतर केव्हातरी पलंग हलला, खिडकीच्या काचा थरथरल्या, तांब्यावरील फुलपात्र खणखणले. पाच-सहा सेकंदांचाच तो खेळ. स्थानिक माणूस कूस बदलून पुन्हा झोपला असता. आमच्या खोलीत मात्र काय घडले ते लपवून न ठेवता सांगतो. मुलगा नातवाला उचलून अंधारात जिन्याकडे धावला. सूनबाई मोबाईल शोधू लागल्या. सौभाग्यवती नवकार म्हणत नेमक्या काचेच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आणि मी? मी कपाटाकडे गेलो. आत पाकीट, आधार कार्डे आणि गाडीची कागदपत्रे ठेवलेली छोटी पिशवी होती. माझा एक हात त्या पिशवीवर आणि दुसरा डुगडुगणाऱ्या कपाटावर होता.

खोलीत एकच व्यक्ती योग्य ठिकाणी होती. अकरा वर्षांची नात टेबलाखाली गुडघ्यांवर बसली होती. एक हात मानेवर, दुसऱ्या हाताने टेबलाचा पाय घट्ट धरलेला. ती आतून ओरडत होती, “आजोबा, खाली या! कपाट सोडा!” शाळेत तिला हे शिकवले होते. आम्हा चार मोठ्या माणसांना कोणी शिकवले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

त्या रात्री मला पुढे झोप लागली नाही. भीती धक्क्याची नव्हती, स्वतःचीच वाटत होती. कारण कपाटाकडे जाणाऱ्या माणसाचे काय होते, हे मला पूर्वीच ठाऊक होते.

१९९३ साली मी लातूर जिल्ह्यातील एका शाखेत अधिकारी होतो. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे उशिरा निजली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारीची भूमी हादरली. त्या वेळच्या नकाशात तो प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात होता. तरी सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवलेली माळवदे. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. पुढे आपल्या भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, हे आपणा सर्वांना अभिमानाने ठाऊक आहे.

त्या दिवसांत आमच्या शाखेच्या एका खातेदाराच्या घरी मी गेलो होतो. किराण्याचा सचोटीचा व्यापारी. हप्ता कधी चुकवला नाही. पहिल्या धक्क्यात त्याचे घर तडकले, पण पडले नाही. बायको-मुलांना त्याने अंगणात आणले. सगळे सुखरूप होते. मग त्याला उधारीच्या वह्या आणि पत्नीचे दागिने आठवले. “आलोच,” असे म्हणून तो आत गेला. मागाहूनच्या धक्क्याने तडकलेली भिंत आत कोसळली. वह्या पुढे ढिगाऱ्यातून निघाल्या. त्यांचे एक पानही फाटलेले नव्हते. त्याच्या धाकट्या भावाने त्या माझ्यासमोर ठेवल्या आणि विचारले, “साहेब, आता यांचे काय करू?” चौतीस वर्षांच्या नोकरीत मला निरुत्तर करणारे प्रश्न फार थोडे आले, हा त्यांतला पहिला. ही हकिकत मी अनेकांना सांगितली आहे, आणि तरीही माझा स्वतःचा हात कपाटाकडेच गेला. जाणणे आणि अंगी बाणणे यांत केवढे अंतर असते ते मला त्या रात्री कळले.

सकाळी कोयनानगरच्या नेहरू उद्यानात आम्ही नाश्त्याला बसलो, तेव्हा नातीने सगळ्यांची शिकवणीच घेतली. ‘वाका, झाका, धरा’ हा तिचा मंत्र. धक्का बसताच आहे तेथेच गुडघ्यांवर वाकायचे. भक्कम टेबलाखाली शिरून डोके आणि मान झाकायची. टेबलाचा पाय धरून ठेवायचा. टेबल नसेल तर काच आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीलगत बसायचे. अंथरुणात असल्यास तेथेच राहून उशी डोक्यावर घ्यायची. हलणे थांबेपर्यंत जिना नको आणि लिफ्ट तर नकोच. हलणे थांबले की पायांत चपला घालून जिन्याने खाली उतरायचे आणि ठरलेल्या मोकळ्या जागी जमायचे. हातात काहीही घ्यायचे नाही. आम्ही पाच वेळा सराव केला. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी खुर्चीवर बसूनच पुढे वाकून मान झाकण्याची पद्धत ठरली. हसण्याचा एवढा गलबला झाला की, शेजारच्या सतरंजीवरील दुसरे कुटुंबही आमच्या खेळात सामील झाले.

‘मोकळी जागा’ या शब्दांवर मात्र थोडे थांबले पाहिजे. घराबाहेर म्हणजे सुरक्षित, असा आपला समज असतो. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुळे कच्छमध्ये आहेत. त्यांना २६ जानेवारी २००१ ची सकाळ विसरता येणार नाही. पावणेनऊच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा अंजार येथे शाळकरी मुलांची प्रजासत्ताक दिनाची फेरी चालली होती. मुले घराबाहेरच होती. पण अरुंद गल्लीत. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली आणि १८५ मुले व २० शिक्षक गेले. म्हणून आपण कोठे उभे आहोत आणि आपल्यावर काय पडू शकते, हे पाहिल्याशिवाय जागेला मोकळी म्हणू नये. इमारतीची दर्शनी बाजू, कुंपणाची भिंत, विजेच्या तारा, जुने झाड, जाहिरातीचा फलक यांपासून दूर असेल, तीच जागा मोकळी.

सहलीला किंवा तीर्थयात्रेला गेल्यावर हीच नजर ठेवावी. घाटात तुटलेल्या कड्याखाली डबा उघडून बसू नये. धक्क्याने, आणि पावसाळ्यात धक्क्याविनाही, दरडी येतात. गाडी चालवताना धक्का जाणवला तर वेग कमी करून, पूल, झाड आणि तारा टाळून, कडेला थांबावे व आतच बसून राहावे. धरणाखालच्या नदीपात्रात मुलांना खेळायला सोडू नये. तेथे पाणी केव्हा सोडले जाईल याचा नेम नसतो. समुद्रकिनारी जोराचा आणि लांबलेला धक्का जाणवला तर सूचनेची वाट न पाहता उंचावर जावे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या, हे फार थोड्यांना आठवते. मुक्कामी पोहोचताच सामान ठेवण्याआधी पाच मिनिटे जिना कोठे आहे, बाहेर कोठे जमायचे हे सर्वांनी मिळून पाहावे. मुले हे काम हौसेने करतात.

घरी परतल्यावर आम्ही एक रविवार याच कामाला दिला. पलंगाच्या डोक्याशी असलेले आरशाचे कपाट हलवले, उंच कपाटे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडली, माळ्यावरील जड भांडी खाली आणली. टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, खाखरे, औषधे, शिट्टी आणि कागदपत्रांच्या प्रती अशी एक पिशवी दाराजवळ अडकवली. दुकान-गोदाम असलेल्यांनी तेथेही एक फेरी मारावी. गल्ल्यावर बसणाऱ्याच्या डोक्यावर तेलाचे डबे रचलेले नाहीत ना? पोत्यांची थप्पी दाराच्या वाटेवर कलंडणार नाही ना? दुकानातील नोकरांना कोठे जमायचे हे ठाऊक आहे का? तेही आपल्याच भरवशावर तेथे उभे असतात.

आता थोडे बँकेतल्या माणसाचे. मूळ कागदपत्रे व दागिने लॉकरमध्ये ठेवावेत, हिशेबाची प्रत रोजच्या रोज दुसऱ्या ठिकाणी साठवावी, खात्यांना वारसनोंद करावी. विम्याची पॉलिसी एकदा वाचावी. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या घरासाठीच्या पॉलिसीत, तसेच लहान व्यवसायांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत भूकंपाचे संरक्षण अंतर्भूत आहे. मोठ्या मालमत्तेच्या अग्निविम्यात ते वेगळे मागून घ्यावे लागू शकते. हा केवळ पैशाचा सल्ला नाही. वह्यांची प्रत दुसरीकडे आहे आणि मालाचा विमा आहे, हे पक्के ठाऊक असेल तरच त्या क्षणी व्यापाऱ्याचा पाय घराबाहेर राहील. किल्लारीच्या त्या खातेदाराला ही एवढीच निश्चिंतता हवी होती. परिग्रह सोडावा असे आपण रोज ऐकतो. तो सहा सेकंदांत सोडता यावा, यासाठी मात्र आधी तयारी लागते.

पुढची सहल आम्ही फेब्रुवारीत काढणार आहोत. सामानाची यादी सूनबाई करतील. शेवटच्या ओळीत काय लिहायचे ते नातीने आधीच सांगून ठेवले आहे: “आजोबांचे हात रिकामे.”