काट्याची पावती आणि आरसी बुक एकदा शेजारी ठेवून बघा

सोनई, घोडेगाव, शिंगणापूर परिसरातल्या सगळ्या पिकअपवाल्यांनो, शेतकरी भावांनो आणि दिंडीवाल्या माऊलींनो, पोस्ट मोठी आहे. पण पूर्ण वाचा. राग आला तरी वाचा.

आपल्या भागाइतकं वजन कुणी करत नसेल. कारखान्यावर उसाची गाडी भरलेली मोजतात, खाली झाल्यावर पुन्हा रिकामी मोजतात. घोडेगावच्या मार्केटला कांद्याची गोणी न् गोणी मोजली जाते. काट्यात वीस किलोचा फरक पडला तर आपण मापाड्याची कॉलर धरतो, आंदोलन करतो. बरोबरच आहे, घामाचा पैसा आहे तो.

पण त्याच गाडीत पासिंगपेक्षा एक टन जास्त भरलेलं असतं, तेव्हा एकाच्याही तोंडातून शब्द निघत नाही. पैशासाठी वजन किलोत मोजायचं आणि जिवाचा विषय आला की "गाडी ओढतीय ना, मग भर!" हा कुठला हिशोब?

आधी स्वतःचं सांगतो, म्हणजे शहाणपणा शिकवतो म्हणू नका. माझी पण पिकअप आहे आणि मी पण हेच करत होतो. जेऊरकडचा कांदा घोडेगावला आणायचा होता. चाळीस गोण्या भरल्या. इमामपूरचा घाट उतरताना ब्रेक दाबला तर पाय खाली गेला आणि गाडी तशीच पळतीय. लायनर जळाल्याचा वास केबिनमध्ये. दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूला चाक घासून कशीबशी थांबवली. शेजारी शेतकरी बसलेला, वर गोण्यांवर दोन पोरं. त्या पोरांची आई दुसऱ्या दिवशी मला "देवासारखा धावलास" म्हणाली. मला तोंड वर करून बघवेना. पोरांना वर बसवणारा मीच होतो.

त्या रात्री पहिल्यांदा आरसी नीट वाचली. त्यावर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन. वजाबाकी करा, तेवढीच तुमची क्षमता. आता समजा, एकूण 3,000 आणि रिकामी 1,700. राहिले 1,300 किलो.

पण थांबा. आरसीवरची रिकामी गाडी आणि तुमची आजची गाडी एकच आहे का? वाढवलेले फाळके, लोखंडी जाळी, जादा पाटे, ताडपत्री, दोर, जॅक, धरा शंभर किलो. ड्रायव्हर, शेतकरी आणि एक हमाल, धरा दोनशे. उरले 1,000 किलो. पन्नास किलोच्या वीस गोण्या. आणि आपण भरतो चाळीस!

"पण मी पाटे वाढवलेत की!" हे वाक्य ऐकून कान किटले. अरे भाऊ, पाटे वाढवले म्हणजे गाडी मागून बसायची थांबली, एवढंच. ब्रेक तेवढेच, एक्सल तोच, चेसी तीच. टायरच्या कडेला किती भार पेलायचा त्याचा नंबर छापलेला असतो, तो पाटे टाकल्यानं बदलत नाही. पूर्वी गाडी बसलेली बघून तरी कळायचं की जास्त झालंय. आता तेही कळत नाही. आणि माल मागच्या चाकांच्याही मागं लोंबला की पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग हवेत फिरल्यासारखं लागतं. ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा.

आता दिंडीचं. हा विषय काढला की लोक चिडतात, पण बोलतोच. वारीला निघताना पिकअपवर पत्र्याचं घर उभं करतात. खाली स्वयंपाकाचं सामान, वर माळा, माळ्यावर झोपायची सोय. भक्तीबद्दल शंका नाही, पण हिशोब करा. पाणी एका लिटरला एक किलो. पाचशे लिटरची टाकी म्हणजे पाचशे किलो. लोखंडी माळा आणि पत्रा दोनशे. भरलेली सिलिंडरं, शेगड्या, पातेली शंभर. तांदूळ, पीठ, तंबू, गाद्या दोनशे. झाले हजार. अजून एकही माऊली गाडीत चढलेली नाही! त्यात वजन उंचावर गेलं की वळणावर गाडी कलते, आणि टाकी अर्धी असेल तर पाणी त्याच बाजूला धावतं.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम 194. जादा वजनाला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल तिथंच उतरवायचा. यात चालवणारा जसा येतो तसा चालवायला लावणारा पण येतो. म्हणजे "अजून पाच गोण्या टाक, काय होत नाही" म्हणणाऱ्यानं पण ऐकून ठेवा. आणि मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं कधीच सांगून ठेवलंय. मग भरपाई कोण देणार? गाडीमालक. म्हणजे जमीन विका.

रस्त्याचं पण बोलू. खड्ड्यांचे फोटो टाकून पुढाऱ्यांना शिव्या देतो आपण, मी पण देतो. पण अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे: एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. ठेकेदारानं खाल्लं असेल, पण आपण पण खातोय.

आता गाडीवाल्याची बाजू. ती खोटी नाही. हप्ता आहे, डिझेल आहे, भाडं गोणीमागं मिळतं. मी वीस गोण्या भरतो म्हटलं तर शेतकरी चाळीस भरणाऱ्याला बोलावतो. त्या घाटानंतर माझी तीन गिऱ्हाईकं गेली, हे पण खरं. त्यामुळं एकट्यानं सुधारून भागत नाही. सगळ्यांना एकदम लागू झालं तरच नियम पाळणारा उपाशी मरणार नाही.

म्हणून मागण्या चारच:

1) बाजार समिती असो, कारखाना असो की खासगी वजनकाटा, पावतीवर "आरसीप्रमाणे परवानगी वजन" हा एक रकाना छापा. खर्च शून्य. दोन आकडे शेजारी आले की कुणाला नाही म्हणता येणार नाही.

2) पिकअपचं भाडं गोणीवर न ठरवता खेपेवर आणि अंतरावर ठरवा. बाजार समितीनं गाडीवाल्यांना आणि शेतकऱ्यांना एकत्र बसवून दर फळ्यावर लावावा.

3) दिंडीप्रमुखांनी निघण्याआधी भरलेली गाडी काट्यावर नेऊन पावती घ्यावी. माणसं एसटीनं नाहीतर प्रवासी गाडीनं न्या, पाणी वाटेत भरा.

4) आरटीओनं हायवेवर लपून उभं राहण्यापेक्षा जिथं माल भरतात तिथं यावं. घाट उतरल्यावर पावती फाडून काय उपयोग?

आपला तालुका काट्यासाठी भांडणारा आहे. एकदा जिवाच्या काट्यासाठी पण भांडू.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी उत्तर देईन. पण भांडायच्या आधी गाडीतून आरसी काढा आणि वजाबाकी करून बघा.