सीमेपलीकडचं 'स्वस्त' सामान आणि रानडुकरांचा बंदोबस्त

सोयाबीनला शेंगा धरल्या की रानडुकरांचे कळप वावरात उतरतात. तूर फुलोऱ्यावर आली की रोही, आणि हरभऱ्याला घाटे लागले की हरणं. अकोट, तेल्हारा, चिखलदरा, अचलपूर, मोर्शी, वरुड या पट्ट्यात तर एक रात्र जागल चुकली की तासच्या तास झोपलेले दिसतात. मग बंदोबस्ताच्या सामानाची शोधाशोध सुरू होते आणि बरेच जण सीमा ओलांडून मध्य प्रदेशात जातात. धारणीहून बऱ्हाणपूर किंवा खंडवा, परतवाड्याहून बैतूल, वरुडहून पांढुर्णा. "तिकडं स्वस्त भेटते," हे पारावरचं ठरलेलं वाक्य. ते कितपत खरं, हे हिशेबाने पाहू.

कराचा फरक आता राहिला नाही

पूर्वी या बोलण्यात तथ्य होतं. दोन राज्यांचे विक्रीकराचे दर वेगळे होते, नाक्यावर तपासणी होती, शहरात जकात होती. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि एका वस्तूचा दर देशभर एकच झाला. समजा, झटका मशीनची किंमत १०,००० रुपये आणि कर १८ टक्के. अकोल्यात घेतली तर ९०० रुपये केंद्राचे व ९०० राज्याचे. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याने तुमच्या पत्त्यावर पाठवली तर १,८०० रुपये एकत्रित कर. तुमच्या खिशातून जाणारे पैसे तेवढेच.

मग तिकडचा दुकानदार दीड-दोन हजारांनी कमी कसा सांगतो? कधी घाऊक खरेदीमुळे त्याला परवडतं, हे मान्य. पण बहुतेक वेळा तो विचारतो, "बिल पाहिजे का बिनबिलाचं?" स्वस्ताईचं मूळ इथेच आहे. बिनबिलाच्या मालाला हमी नाही, आणि बिघडल्यावर दाद मागायला कागद नाही. सरकारी अनुदानही त्यावर मिळत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत पात्र गावांतील शेतकऱ्याला सौर कुंपणासाठी किमतीच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. कर वाचवायला १,८०० रुपयांचं बिल सोडायचं आणि हजारोंच्या अनुदानावर पाणी सोडायचं, हा कुठला व्यवहार? आपलं गाव योजनेत बसतं का हे आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा, मंजुरी घ्या आणि मगच खरेदी करा.

वाहतूक आणि कागद

आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून सामान आणलं तर भाडं वाटून जातं. मात्र दुसऱ्या राज्यातून येणारा माल ५०,००० रुपयांच्या वर गेला की ई-वे बिल लागतं. आंतरराज्य वाहतुकीला हा नियम १ एप्रिल २०१८ पासून आहे. ते विक्रेत्याकडूनच तयार करून घ्या. टेम्पोवाल्याजवळ पक्कं बिल, ई-वे बिल आणि बिल्टी हवी. रस्त्यात गाडी अडली तर माल आणि दंड दोन्ही अडकतात, आणि तोवर डुकरं थांबत नाहीत.

बिलावर तुमचं नाव, गाव, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक आणि मशीनचा अनुक्रमांक आहे का ते पाहा. पार्सल मोटार स्टँडवरून घेताना खोकं फुटलेलं असेल तर बिल्टीवर तसा शेरा मारूनच ताब्यात घ्या, आणि उघडताना मोबाईलवर चित्रण करा. सामान खराब निघालं तर बऱ्हाणपूरला चकरा मारायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते. पण तिथेही पहिला प्रश्न येईल, बिल कुठे आहे?

परदेशी पार्सलाचं काय?

हल्ली मोबाईलवर परदेशी एअरगन आणि दुर्बिणी दिसतात. कुणाचा भाचा दुबईला असतो, तो "पाठवून देतो" म्हणतो. इथे सावध राहा. सीमाशुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही. किंमत, भाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर शुल्क, आणि शुल्कासह झालेल्या रकमेवर पुन्हा जीएसटी. भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची सवलतही डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून काढून घेतली आहे.

बंदुकीचा प्रश्न तर पैशाचा नाहीच. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र आयात करणं गुन्हा आहे, आणि सामान्य माणसाला बंदुकीच्या आयातीचं दार जवळजवळ बंद आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत एअरगनलाही ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूल ताकद ही मर्यादा आहे. तिच्यावरची एअरगन परवान्याचा विषय होते. मर्यादेतली एअरगन डुकराला मारत नाही, फक्त जखमी करते. आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी निंदणाऱ्या बायांवर धावून येतं.

घेऊ नये असं सामान

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीचा अर्थ फार मोठा आहे. मारणं, विष घालणं, फास लावणं, जाळ्यात पकडणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. फासे, वाघर, जबड्याचे सापळे, गावठी बॉम्ब हे सीमेपलीकडून आणा की गावात करा, वापरले की गुन्हा. ज्या गाडीतून नेलं ती गाडीसुद्धा जप्त होते. १ एप्रिल २०२३ पासून सुधारित कायदा लागू आहे. रानडुक्कर आणि रोही आता अनुसूची दोनमध्ये आहेत आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. काळवीट अनुसूची एकमध्ये, तिथे शिक्षा याहून कडक.

तिकडची आणखी एक वस्तू म्हणजे कार्बाईडची बंदूक. पाईप, कार्बाईड आणि पाणी, झाला धमाका. माकडं, डुकरं पळवायला शेतकरी ती वापरत. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत भोपाळ, विदिशा भागात तिने शंभराहून अधिक लोकांच्या, त्यातही लेकरांच्या, डोळ्यांना इजा केली. काही मुलांची दृष्टी गेली. दोनशे रुपयांचं खेळणं म्हणून ती घरात आणू नका.

सर्वात वाईट सवय मात्र आपलीच आहे. धुऱ्यावर तार ओढायची आणि खांबावरचा आकडा तिला जोडायचा. यात डुकराआधी शेजारचा माणूस मरतो, कधी घरचाच. वीजचोरीचा गुन्हा वेगळा आणि सदोष मनुष्यवधाचा वेगळा. झटका मशीन याहून निराळी असते. ती सेकंदाला साधारण एकदा, अगदी क्षणभर झटका देते, म्हणून जनावर दचकून मागे फिरतं. तिला कधीही थेट लाईन जोडू नका. आपली काळी जमीन माघ-फाल्गुनात सुकते आणि अर्थिंग कमजोर होतं. अर्थिंगच्या सळईजवळ पाणी टाकत राहा आणि तारेला लागलेलं गवत कापा. "मशीन बेकार निघाली" या तक्रारीत बरेचदा दोष गवताचा असतो.

गावाने काय करावं

उपद्रवी रानडुक्कर किंवा रोही मारायचंच असेल तर वनक्षेत्रपालाकडे अर्ज करून लेखी परवानगी घ्या. परवानाधारक बंदूकवाल्यानेच ते काम करावं. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असते, ते वाटून खायचं नसतं. नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज द्या. खरीप २०२६ पासून पीक विम्यात वन्यप्राण्यांच्या नुकसानीचं वाढीव संरक्षण आणण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यातही ७२ तासांत फोटोसह कळवण्याची अट आहे.

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक मित्रांनाही सांगणं आहे. शेतकरी बिनबिलाचा माल आणि आकड्याची तार यांच्याकडे वळतो, कारण पंचनाम्याला उशीर होतो. मळणी झाल्यावर केलेला पंचनामा कुणाच्या कामाचा? अर्ज आला त्याच आठवड्यात तिघांनी मिळून वावरात जावं. ग्रामसभेत एकदा ठराव करून गटाने कुंपणाची मागणी नोंदवावी. एकट्याच्या तारेला वळसा घालून डुक्कर शेजाऱ्याच्या वावरात जातं, गावाच्या तारेला वळसा घालणं त्याला जड जातं.