चहा, कॉफी आणि यकृत

मुंबई-गोवा महामार्ग, गगनबावड्याचा घाट उतरून येणारा कोल्हापूरचा रस्ता आणि विजयदुर्गाचा रस्ता हे तिन्ही आमच्या तळेऱ्यास येऊन मिळतात. जेथे वाटा मिळतात तेथे वाटसरू थांबतो, आणि वाटसरू थांबला की चहाचे आधण चढते. म्हणून चहा-कॉफीचे गुणदोष हा विषय आम्हांस परका नाही. चहाने काळीज जळते, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. तर कॉफी घेणाऱ्यास यकृताचा कर्करोग होत नाही, असे अलीकडे कोणी कोणी सांगू लागले आहेत. आमच्या मते दोन्ही बोलण्यांत अतिशयोक्ती आहे.

जपानात सुमारे ९० हजार स्त्रीपुरुषांची सुमारे १० वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. रोज कॉफी पिणाऱ्यांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण, ती जवळजवळ न पिणाऱ्यांच्या मानाने, सुमारे निम्मे आढळले. कॉफीने हा रोग होतो असे दिसत नाही, उलट तो कमी आढळतो, असा अभिप्राय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही २०१६ साली दिला. चहाविषयी मात्र असा एकमुखी पुरावा नाही. त्याच संस्थेने ६५ अंशांहून अधिक कढत पेय अन्ननलिकेस बहुधा कर्करोगकारक ठरते, असे बजावले आहे. तेव्हा चहा असो वा कॉफी, ती थोडी निवू द्यावी हे बरे.

परंतु कॉफी म्हणजे औषध नव्हे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्याचे यकृत आधीच बिघडले आहे तो मनुष्य आपण होऊनच कॉफी कमी करीत असेल, हेही संभवते. शिवाय पेल्यागणिक दोन-दोन चमचे साखर पोटात गेली, तर वजन वाढून यकृतात चरबी साठावयाची.

यकृताचे खरे वैरी निराळेच आहेत. हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू, मद्य, यकृतात साठलेली चरबी आणि बुरसलेल्या धान्यातील अफलाटॉक्सिन हे विष, हे ते होत. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या भागांत बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. आमच्या कोकणात पावसाचे चार महिने घरातील जिन्नसांस दमटपणा येतो. तेव्हा बुरशी धरलेले शेंगदाणे धुऊन भाजून वापरण्याची काटकसर कोणी करू नये.

बी विषाणूवर लस आहे. ती जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळास टोचावयाची असते, आणि सरकारी रुग्णालयांत त्यासाठी पैसा पडत नाही. आपल्या घरी बाळ जन्मास आले, तर ही चौकशी आपण शिकलेल्या मुलामुलींनीच करावी. आणि मद्याच्या पेल्याचे पाप कॉफीच्या पेल्याने धुतले जात नाही, हे ज्यांस सांगणे जरूर आहे त्यांस नम्रपणे, पण स्पष्ट सांगावे. चहाच्या पेल्यावर वाद घालण्यापेक्षा एवढे केले, तर आपल्या शिक्षणाचे सार्थक होईल.